केसभर लबाडी

मारेनने संगणकातल्या नदीत एक गोल खांब उभा केला होता. त्याच्यामागे पाण्याचे भोवरे सुटायला हवे होते. पण तीन आठवडे झाले, पाणी आपलं सरळच. खांबाच्या दोन्ही बाजू इतक्या तंतोतंत सारख्या, की आधी कुठे वळावं हेच पाण्याला ठरवता येईना. खिडकीखालची खरी मिसिसिपी मात्र पुलाच्या प्रत्येक खांबामागे गरागरा फिरत होती.

"सर, खांब केसभर सरकवू का?"

"माझ्याकडे लबाडी चालत नाही," तिचे मार्गदर्शक ऑस्टबी सर डोनट मोडत म्हणाले. मागच्या भिंतीवर त्यांनी ऐन तिशीत संगणकावर काढलेलं, गाजलेलं चित्र टांगलेलं होतं: नदी, खांब आणि मागे भोवऱ्यांची देखणी रांग. "हे बघ. मी नुसती वाट पाहिली होती. धीर धर जरा."

मारेनने मोजपट्टी काढली आणि चित्रातल्या खांबापासून वरच्या काठापर्यंतची जागा मोजली, मग खालच्या काठापर्यंतची.

"वर एकेचाळीस मिलिमीटर, सर. खाली बेचाळीस."

सरांनी उठून दार लावून घेतलं.

"तू याच्या निम्माच सरकव," ते हळूच म्हणाले. "पुढे तुझ्याही हाताखाली एखादी मोजपट्टीवाली येईल."