हातमोजे

पहाटे हॉस्पिटलातून फोन आला, बाबा गेले. आई आतल्या खोलीत झोपलेली होती. अबीलियोने आणि मी स्वयंपाकघरातच हळू आवाजात ठरवलं, आजचा दिवस तिला मिळू दे, परतताना सांगू. तोवर हॉस्पिटलचं मामा बघेल. सिंत्राच्या डोंगरी गडाची सहल बाबांनीच ठरवली होती. "माझ्या उशाशी बसून बसून ही वाळून गेली. एक दिवस गडावर फिरवून आणा हिला," असं परवाच म्हणाले होते.

दिवसभर आम्ही दोघं भाऊबहीण उगाच मोठ्यानं हसत होतो. गडाच्या तटावर इतकं धुकं होतं की खालचा राजवाडाही दिसेना. आईने हातमोजे काही काढले नाहीत. केजादा ही चीजची गोड वडीसुद्धा हातमोज्यांनीच खाल्ली.

"आई, काढ की ते, चिकट होतायत," अबीलियो म्हणाला.

"तू आधी नाकावरची साखर पूस," ती म्हणाली.

मग तिने दुकानदाराकडून आणखी एक पुडा बांधून घेतला. "दालचिनी जास्त असलेल्या द्या. आमच्या ह्यांना तशाच लागतात." मी बाहेर जाऊन डोळे पुसून आले.

परतीच्या गाडीत अबीलियोने घसा खाकरला. "आई, सकाळी फोन..."

"राहू दे रे. दिवसभर किती हसलात दोघं," आई म्हणाली आणि तिने डावा हातमोजा काढला.



तिच्या एकाच बोटात दोन अंगठ्या होत्या. एक तिची, आणि तिच्यावर, आमच्याकडच्या विधवा घालतात तशी, हॉस्पिटलात जाताना घरी काढून ठेवलेली बाबांची.