बाबांचं कोलेस्टेरॉल

दंडाला रबरी पट्टी आवळली गेली आणि बाबांनी डोळे मिटले. सुई अजून पाकिटातच होती.

"काका, मूठ वळा," लॅबवाली म्हणाली. बाबांनी मूठ वळली, ओठ पांढरे पडले आणि मान खुर्चीच्या पाठीवर कलंडली. लॅबवालीनं घाईनं पट्टी सोडली. लेकीनं तोंडावर पाणी मारलं तेव्हा कुठे ते शुद्धीवर आले.

लेकीला नवल वाटलं. चाळीस वर्षं बुकबाइंडिंग केलेला माणूस. जाड सुईनं हजार हजार पानं शिवताना कधी डगमगला नाही. शिवाय आठ वर्षं, दर वर्षी, याच खुर्चीत बसून रक्त दिलेलं.

बाबांचं कोलेस्टेरॉल हा त्या घरातला तिसरा माणूसच होता. आई त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करायची. बाबांच्या अंड्यातला बलक काढून घ्यायची, दुधावरची साय काढून घ्यायची आणि टाकवत नाही म्हणून स्वतः खायची. तरी आकडा चढतच राहिला. डॉक्टर चक्रावले. दहाची गोळी विसाची झाली, विसाची चाळीसची. बाबांच्या पोटऱ्या दुखायला लागल्या, जिन्यात ते कठडा धरून थांबायचे.

"बाहेर चोरून खात असणार," आई फोनवर लेकीला सांगायची. "नाहीतर एवढं करून वाढेल कसं?"

बाबा निमूट ऐकून घ्यायचे. पुढे पुढे तर त्यांनी मित्रांबरोबर चहाला जाणंही सोडलं.

लेक दुसऱ्या गावी राहायची. अवेळी फोन वाजला की तिला बाबांचीच धास्ती वाटायची. गेल्या महिन्यात तसा फोन आला आणि पलीकडे बाबांचाच आवाज ऐकून तिला आधी हायसं वाटलं. मग ते म्हणाले, आई गेली. भाजी चिरता चिरता छातीवर हात ठेवून खाली बसली, ती उठलीच नाही.

आता पथ्य बघणारं कोणी उरलं नाही, एकदा रक्त तपासून घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"दर वर्षी असंच होतं का काका?" लॅबवालीनं विचारलं.

बाबांनी लेकीकडे चोरून पाहिलं. "दर वर्षी मी कुठे देत होतो?"

"म्हणजे?" लेक म्हणाली.

"पहिल्या वेळी असाच पडलो. तुझ्या आईनं सरळ स्वतःचा हात पुढे केला. तेव्हाची लॅबवाली तिची मैत्रीणच. तिला म्हणाली, माझं घे गं. एकाच कढईतलं खातो दोघं, रक्त काय वेगळं निघणार आहे?" बाबा किंचित हसले. "मग दर वर्षी तसंच. मला काय, सुटलो."

लॅबवालीनं नळी पुन्हा डब्यात ठेवली.

"आणि तिचं स्वतःचं कधी तपासलं?" लेकीनं विचारलं.

"तिला कशाला? ठणठणीत होती ती. माझ्यामागेच तर दिवसभर धावायची." बाबांनी तोंड पुसलं आणि टॉवेल तसाच हातात धरून बसले. "एक मात्र कळत नाही. एवढा खराब रिपोर्ट माझा, आणि गेली ती. असं कसं गं?"

लेकीनं फाइल उघडली. आठ कागद, वर्षांप्रमाणे लावलेले. प्रत्येकाच्या माथ्यावर बाबांचं नाव, खाली आकड्याभोवती डॉक्टरांनी केलेलं लाल वर्तुळ. समासात आईचं पेन्सिलीतलं अक्षर: ह्यांचं पथ्य आणखी कडक करणे.

बाबा उत्तराची वाट बघत होते.

"असतं एकेकाचं, बाबा," ती म्हणाली आणि तिनं फाइल मिटली.

आठ वर्षं डॉक्टर आईवरच इलाज करत होते. गोळ्या तेवढ्या बाबांनी घेतल्या.