सतरा नंबरचा सदरा

"बाबा, गटारात सापडलेली सगळ्यात अजब चीज कोणती?"

गोपिकानं विचारून टाकलं. कुंपणाबाहेर तिच्या मैत्रिणी जयवंता अन् उत्तरा तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. विचारलंस तर बोरकूट आमच्याकडून, अशी पैज होती. वक्तृत्वात शाळेत पहिली आल्यापासून नववीतली गोपिका कोणालाच भीत नव्हती.

तिचे बाबा रुपराव नुकतेच घरी आले होते. सांडपाण्याच्या प्लांटवर ते पंप चालवायचे. परवाच्या वादळात नाग नदी फुगली, नेमका पंप बंद पडला अन् शहराची सारी घाण खालच्या वस्तीत शिरली. जयवंताच्या घरात गुडघाभर. तिच्या आईची वर्षाची भिवापुरी मिरची नासली. "पंपवाले झोपले होते काय?" लोक तोंडावर विचारत होते. रुपराव झोपले नव्हते. कमरेला दोर बांधून ते दोनदा पंपाच्या विहिरीत उतरले होते.

"अजब चीज?" ते ओट्यावर टेकले. दोन दिवसांनी पहिल्यांदा हसले. "तसं तर लय काही निघते बाई. कवळी निघते, चमचे निघतात. एकदा तर जितं कासव निघालं!"

कुंपणाबाहेर हसू फुटलं. मग रुपरावांनी पिशवीत हात घातला. "या खेपेस हे निघालं. पंपाच्या तोंडातून. यानंच पंप अडला होता."

बाबांचा डूटीचा खाकी सदरा होता. खिशावर सतरा नंबर, कॉलरखाली आईनं लाल दोऱ्यानं घातलेली शिवण.

गोपिकाचं हसू जागच्या जागी वाळलं. सोमवारी हाच सदरा समोरच्या तारेवर होता. "पाहा वं, गोपीच्या बाबाचा झेंडा!" उत्तरा ओरडली होती. त्याच संध्याकाळी गोपिकानं तो कोपऱ्यावरच्या उघड्या मॅनहोलात कोंबला. संपला विषय, असं तिला वाटलं होतं. गावभरचं गटार शेवटी बाबापाशीच जातं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आई दारात आली. "अहो, हा तिथं कसा गेला?"

"मीच प्लांटवर, विहिरीवरच्या जाळीच्या कठड्यावर वाळत घातला होता. पडला खाली. साहेबाले तसंच सांगतलं. कपडे वाळवायची मनाई हाये तिथं. उद्या लिहून द्यायचं हाये. नोकरीचं मग पाहू काय होते ते."

"काहीही काय सांगता! सदरा तर सोमवारपासून सापडून नव्हता राहिला. तुमी बनियनवरच गेले ना डूटीले?"

"तू स्टो पेटव वं. चहा ठेव," रुपराव हळूच म्हणाले. गोपिकाकडे त्यांनी पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही.

गोपिकानं सदरा उचलला. नाक दाबलं नाही. न्हाणीवर नेऊन तीनदा साबण लावला, पिळला अन् त्याच तारेवर टांगला, नंबर रस्त्याकडून दिसेल असा. कुंपणाबाहेरचं खिदळणं थांबलं.

"आई, बाबा," ती म्हणाली. आवाज वक्तृत्वाला लावला होता तेवढाच लावला. "उद्या हाच सदरा घालून साहेबाकडे जायचं. मी संगं येणार. अन् लिहूनबी मीच देणार, तो कोणी फेकला ते."