दार दिसणारी खुर्ची

बोलता बोलता आईची बोटं टेबलाच्या कडेवर वाजतात. आधी डावी चार, मग उजवी चार. करंगळ्यासुद्धा.

बाबांच्या शर्टाचं बटण तुटलं की बाबाच ते लावतात. आईला सुईत दोरा ओवणंही जमत नाही.

केंद्रातल्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. जिथून दार दिसतं ती खुर्ची येणाऱ्या बाईची. उठून जाता येतं, हे तिला दिसत राहायला हवं.

मुलगी लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची.

पंचाईत झाली होती ती या शेवटच्या गोष्टीमुळे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बायका ज्या केंद्रात येत, तिथं मुलगी समुपदेशन शिकत होती. बिनपगारी. आतापर्यंत ती शिकवणाऱ्या ताईंच्या शेजारी बसायची. सोमवारी पहिल्यांदा एकटीनं बसायचं होतं.

"मन चांगलंय तुझं," ताई म्हणाल्या. "पण समोरची गप्प झाली की तुला धीर निघत नाही. ती शब्द शोधत असते आणि तू आपले शब्द तिच्या तोंडात कोंबतेस. सोमवारी असं झालं, तर हे काम तुझं नाही असं मला म्हणावं लागेल."

मुलगी घरी येऊन टेबलावर डोकं टेकून बसली.

"मी होते तुझी बाई," आई म्हणाली. "कर सराव."

"आई, ही काय भातुकली आहे?"

"भातुकलीत तरी कुठं गप्प बसायचीस? बाहुलीचंही तूच बोलायचीस."

आई आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. पाहुणे आले तरी ती ती जागा सोडत नसे. मुलगी समोर बसली, दाराकडे पाठ करून.

"मी एकोणीस वर्षांची आहे," आईनं सुरुवात केली. "शिवणाच्या क्लासला जाते."

मुलगी फसकन हसली. "तू? शिवणाच्या?"

"गोष्ट आहे ना? मग जाऊ दे की मला शिवणाला."

"बरं. पुढं?"

"सर म्हणाले, तू थांब. बाकीच्या गेल्या."

"शिवणाच्या क्लासला सर?"

"का? तुझा बाप नाही शिवत?" आई म्हणाली. मग थोडं थांबून, "सगळी यंत्रं बंद झाली की खोली केवढी मोठी वाटते."

आई गप्प झाली. मुलगी लगेच म्हणाली, "तुम्हाला तेव्हा भीती वाटली असेल ना?"

"बघ. पडलीस मध्ये."

सराव रोज होऊ लागला. संध्याकाळी, बाबा यायच्या आधी. पुढं काय झालं ते आईनं कधी सांगितलं नाही. ती त्या रिकाम्या खोलीपर्यंत यायची आणि थांबायची. मुलगी ओठ दाबून धरायची. एकदा तिला उचकी लागली आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

केंद्रातला नियम होता. सराव संपला की जिनं सोंग घेतलं तिनं उठायचं, खुर्ची बदलायची, स्वतःचं नाव सांगायचं आणि म्हणायचं, 'मी ती नाही.' मुलीनं पहिल्याच दिवशी आईला हे सांगितलं.

"नसती थेरं," आई म्हणाली आणि गॅसकडे वळली.

एका संध्याकाळी आईनं मध्येच विचारलं, "तू हेच काम का घेतलंस गं? तुला कधी कुणी..."

"नाही, आई."

"खरं सांग."

"तुझी शपथ. नाही."

आईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला. बराच वेळ सोडला नाही. मुलीला वाटलं, काळजी करण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

सोमवारी आलेली बाई मुलीहून थोडी मोठी होती. ती दार दिसणाऱ्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. दोन वाक्यं बोलली आणि थांबली.

मुलीच्या जिभेवर दहा वाक्यं आली. तिनं ती गिळली. बाहेर कुणीतरी बादली सरकवली. पंखा फिरत राहिला. बाईनं पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

मग ती बोलू लागली.

निघताना तिनं विचारलं, "पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?"

"मीच असेन."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. नाव, गाव मुलीनं सांगितलं नाही. ते ताईंनीही विचारलं नाही. त्यांनी फक्त तिच्या पाठीवर हात ठेवला. "गप्प बसायला कुणी शिकवलं?"

"आईनं."

"मग तिला सोंगातून बाहेर काढलंस ना?"

"ती हसण्यावारी नेते."

"काढ बाई. सोंग खोटं असलं तरी अंगाला चिकटतं."

मुलगी जवळजवळ धावतच घरी आली. "आई, जमलं! मी गप्प बसले!"

आईनं ओल्या हातांनीच तिचे गाल धरले. "माझी गुणाची ती!"

"आता तुझी सुटका. चल, बस. नियमानं करायचं. ताईंचा हुकूम आहे."

आई हसत आपल्या खुर्चीत बसली. मुलीनं सांगितल्यावर उठली. टेबलाला वळसा घालून दुसऱ्या खुर्चीत बसली, आणि मुलगी तिच्या खुर्चीत. आता दार तिच्या पाठीमागे होतं.

"नाव सांग."

आईनं नाव सांगितलं. माहेरचं, वडिलांच्या आडनावासकट.

मुलगी चूक दाखवायला हसत पुढं झुकली आणि तशीच थांबली.

"आता म्हण, मी ती नाही."

आईनं तोंड उघडलं. मिटलं. मान वळवून एकदा दाराकडे बघितलं. टेबलाच्या कडेवर तिची बोटं वाजू लागली. आधी डावी चार, मग उजवी चार.

मुलगी काही बोलली नाही. उठून तिनं आईला तिची खुर्ची दिली आणि समोर बसली.

आई लग्नाआधी टायपिंगच्या क्लासला जात असे. परीक्षेच्या तोंडावर तिनं तो सोडला होता.