तिच्याच पायांचा आवाज

"आई, ते बूट काढ. टाचांच्या खिळ्यांनी चटई फाटेल," तालमीला प्रेक्षागृहातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच लेकीने सांगितलं. हा सगळा कार्यक्रम लेकीनेच बसवला होता.

रंगमंचभर काळी रबरी चटई अंथरली होती. समकालीन नृत्याच्या पोरी तिच्यावर अनवाणी लोळत होत्या. मागच्या पडद्यावर समुद्र हलत होता आणि कोपऱ्यात एक चित्रकार ब्रश धरून ताटकळत उभा होता. लेक म्हणायची, हा कलांचा संगम आहे. असेना का. पण तिचं ते स्पॅनिश नृत्य, फ्लामेंको, ज्या पायांवर उभं आहे, ते पायच मुके करायचे ही कुठली अक्कल?

"मग पाय वाजणार कसे?" आईने विचारलं.

"परवा रेकॉर्ड केलेत ना तुझे. तेच लावायचेत. तू फक्त त्यांच्याबरोबर पाय टाक."

आईने बूट काढले. उभा जन्म या नाचात गेला होता आणि गुडघे आता पुन्हा साथ देणार नव्हते. हा शेवटचा नाच तरी आपला असावा, एवढंच तिला हवं होतं. शिवाय गिटारवर नवरा होता. फ्लामेंकोत गिटार नाचणारीच्या मागे चालते. ती धावली की गिटार धावते, तिने टाच आपटली की गिटार गप्प. संसारात या गृहस्थाने तिचं कधी ऐकलं असेल तर शपथ, पण हातात गिटार आली की तिच्या पायांवरून नजर हलवायचा नाही. त्यावरच तर तिने इतकी वर्षं काढली होती.

रेकॉर्डिंग वाजू लागलं. स्पीकरमधून तिचेच पाय घुमले आणि ती त्यांच्या मागे फरफटू लागली. मध्येच अंगात जुनी लहर आली, तिने लय वाढवली. स्पीकर मात्र आपल्याच चालीने चालला होता.

"आई, तू तुझ्याच तालात बसत नाहीयेस," लेक माइकवरून म्हणाली. पोरी हसल्या. कुचेष्टेने नाही, सहजच. तेच जास्त लागलं.

तिने नवऱ्यासमोर जाऊन टाच आपटली. थांब. रबराने आवाज गिळला. पण त्याला आवाज कशाला हवा, डोळे होते की. तिने पुन्हा आपटली. त्याच्या कानात इअरफोन होता, त्यातून ठोके पडत होते, आणि नजर समोरच्या स्क्रीनवर सरकणाऱ्या मात्रांच्या आकड्यांवर खिळली होती. गिटार बिनचूक वाजत राहिली. इतकी बिनचूक ती आजवर कधी वाजली नव्हती.

उचललेले हात तिने खाली सोडले, वळली आणि लोळणाऱ्या पोरींमधून वाट काढत विंगेत निघून गेली. रंगमंचावर तिचे पाय अजून जोरात नाचत होते.

"थांबा, थांबा," लेक ताडकन उठली. रेकॉर्डिंग बंद झालं. "काय सुंदर गेलीस गं आई. हे आपण ठेवूया. रोज इथेच निघून जायचं."

विंगेतल्या अंधारात आई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आता तरी हा काही बोलेल.

त्याने कानातला इअरफोन काढला.

"ती गेल्यावर मी वाजवत राहू ना?" त्याने लेकीला विचारलं.