लाल लोकर

लिमाकात्सोच्या टोपलीतला लाल लोकरीचा शेवटचा गुंडा थाकानेने उचलला आणि स्वतःच्या अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटच्या घडीत दडवला. लेसोथोतल्या त्या विणकामशाळेत या पोरीला मागावर बसवलं होतं तिनेच. आता पोरीची विणलेली चित्रं परदेशी जात होती, आणि गुरूची भिंतीवर धूळ खात होती.

"विण आता म्हातारीचं लाल ब्लँकेट!" ती मनात म्हणाली. लिमाकात्सोच्या मागावर ब्लँकेट पांघरलेल्या म्हातारीचं चित्र अर्ध्यावरच आलं होतं.

विणलेला भाग मागावर गुंडाळला जातो, त्यामुळे अख्खं चित्र कुणीच पाहिलं नव्हतं. ते उतरवलं तेव्हा बायका भोवती गोळा झाल्या. म्हातारीचं ब्लँकेट पायांशी लालभडक होतं आणि खांद्यांकडे जाता जाता विटून राखाडी झालं होतं.

"माझ्या आईचं अस्संच विटलं होतं," गिऱ्हाईक बाईने डोळे टिपले. "कसं सुचलं गं तुला?"

"सुचलं कुठलं! लाल लोकरच संपत आली, मग राखाडी मिसळत गेले," लिमाकात्सो हसली. "थाकानेआई, तुम्ही सांगा ना, जमलंय का?"

 चित्रातली सगळ्यात देखणी जागा थाकानेच्या चोरीतून आली होती, आणि ते तिला जन्मात कुणाला सांगता येणार नव्हतं.

"बरंय," अंगावरचं ब्लँकेट छातीशी घट्ट धरत ती म्हणाली.