नारळपाण्याचा दोष

कॉम्प्युटर शेवटी चालू झाला. पण हे आपण ऐकलंच नाही असं धरू. कारण आत्ता, बेळगुंदीत, खंडेनवमीच्या सकाळी, तो बंद आहे. आतला पंखा गरगर फिरतोय आणि स्क्रीन तव्यासारखा काळा.

यशोदाबाईंच्या हातात अजून नारळाचं भकल होतं. विळा, कोयता, मिक्सर, पोराची बाईक आणि कॉम्प्युटर अशा ज्येष्ठतेच्या क्रमानं त्यांनी सगळ्यांना हळदी-कुंकू लावलं होतं, झेंडू वाहिला होता आणि वर नारळपाण्याचे थेंब शिंपडले होते. विळ्याला काही झालं नव्हतं.

"आई, मशीनवर पाणी कोण शिंपडतंय गं?" रचना म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींचा तिचा सगळा अभ्यास त्या डब्यात होता आणि सोमवारी तो कॉलेजात द्यायचा होता.

"पाणी न्हाय, नारळाचं..." यशोदाबाईंनी हातातलं भकल पदराआड केलं.

"साईराज, बघ की रं," रचनानं धाकट्या भावाला हाक मारली.

साईराज बघायला बसला. फार बघावं लागलं नाही. आक्का सकाळी आंघोळीला गेली तेव्हा त्यानं जुना पॉवर सप्लाय काढून नवा, जास्त ताकदीचा बसवला होता. नव्या गेमला जुना पुरत नव्हता. सोमवारपर्यंत डब्याला हात लावायचा न्हाय, असं आक्कानं बजावलं होतं. पण तिच्या आंघोळीच्या वेळात माणूस विहिरीवरची मोटर बदलून येईल. आज मात्र ती डोक्यावरून न घेताच बाहेर आली आणि त्यानं घाईनं झाकण लावलं.

आता तेच झाकण काढून त्यानं मोबाइलचा उजेड आत टाकला. प्रोसेसरला वीज देणारी चार पिनांची वायर एकटीच लोंबत होती. नारळपाणी वरच्या पत्र्यावर वाळून गेलं होतं. आत एक थेंब नव्हता.

एक वाक्य सांगायचं होतं. साईराजनं तोंड उघडलं.

"काय झालंय?" रचनानं विचारलं.

"बघायलो," तो म्हणाला.

मग त्यानं मेन बटण बंद केलं, रॅमची पट्टी काढली आणि खोडरबरनं घासली. पट्टीचा काही दोष नव्हता, पण दुकानात असंच करतात. त्याचा बेत साधा होता. थोडं घासायचं, गुपचूप वायर बसवायची, मशीन चालू, कुणीच दोषी नाही, जेवायला पुरणपोळी. या बेतात कुणाचं नुकसान होईल असं त्याला वाटलं नाही.

तेवढ्यात देव्हाऱ्याकडून आईचा आवाज आला. "रवळनाथा, माझ्या हातनं चूक झाली. पोरीचं मशीन चालू कर. उद्या दसऱ्याला घरापासनं तुझ्या देवळापतूर दंडवत घालत येते."

देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या रस्त्यावर नवी खडी पसरलेली. आणि यशोदाबाईंच्या गुडघ्यांना बेळगावच्या डॉक्टरांनी मांडी घालून जेवायचीसुद्धा परवानगी दिलेली नव्हती.

साईराजच्या बोटांतली वायर खट्‌ करून जागेवर बसली. त्यानं मेन बटण लावलं, रचनानं डब्यावरचं दाबलं, आणि स्क्रीनवर भुईमूग आला.

"ऐकलं बाई देवानं," यशोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"आई, देवाचं काय न्हाय त्यात," साईराज म्हणाला. "सकाळी मीच खोललतो. वायर लावायची विसरलतो. तुझ्या पाण्यानं कायबी झालं न्हाय." पुरावा म्हणून त्यानं कॉटखालचा जुना पॉवर सप्लाय ओढून बाहेर काढला.

रचनाला सगळं कळलं. तिनं त्याच्याकडं असं बघितलं की सोमवार उलटल्यावर त्याचं काही खरं नव्हतं.

यशोदाबाईंनी त्या ठोकळ्याकडं बघितलं. "ह्येची पूजा राहिलीच की," म्हणाल्या आणि त्याला हळदी-कुंकू लावून एक झेंडू ठेवला. पाणी मात्र शिंपडलं नाही. मग त्या साईराजला म्हणाल्या, "माझं गुडघं वाचवायला अंगावर घेतोस व्हय रं?"

"आई, खरं बोलायलाय तो," रचना म्हणाली.

"आनि तूबी." यशोदाबाईंचा चेहरा उजळला. "रोज मांजरागत भांडतासा. आज आईसाठी एक झालासा बघ."

"शपथ घेतो."

"सणाची शपथ घेऊ ने."

"मग दंडवत मी घालतो. तुझ्या बदली."

"बोलले मी, आनि घालणार तू? देव काय रेशनचं दुकान हाय, घरातल्या कुनीबी जाऊन अंगठा लावायला?"

साईराजला त्या दिवशी तव्यावरची पहिली पोळी मिळाली, वर तुपाची धार. गुणाच्या पोराला घरात मिळतं ते सगळं मिळालं. पोळी अर्धी ताटातच राहिली. समोर यशोदाबाई वाटीत तेल घेऊन भिंतीला टेकल्या होत्या आणि उद्याच्या तयारीला लागल्यासारख्या दोन्ही गुडघे सावकाश चोळत होत्या.

तो उठला, हात धुऊन देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. देवाशी काय बोलतात ते त्याला माहीत नव्हतं. गंभीर म्हणून जी एक भाषा त्याला येत होती, तीच त्यानं वापरली.

"मा. श्री रवळनाथ यांचे सेवेशी. विषय : नवसाच्या नावात बदल करून मिळणेबाबत. महोदय, अर्जदाराचे गुडघे तरुण व निर्दोष आहेत, अर्जदार स्वतः तसा नाही. तरी सदर दंडवत अर्जदाराच्या आईच्या गुडघ्यांवरून कमी करून अर्जदाराच्या गुडघ्यांवर वर्ग करण्यात यावेत, ही नम्र विनंती."